आदेश अंथरुणावर होता तेव्हा

रोहा

प्रिय दिशा,

तुझ्या आईचा ताप उतरल्याचं कळलं, बरं वाटलं. दोन दिवसांसाठी माहेरी, कासूला गेलीस, आज बारा दिवस झाले. फोनवर माझ्याशी ‘हो आई, नाही आई’ एवढंच बोलतेस, म्हणून लिहायला बसले.

गिऱ्हाइकाचं वॉशिंग मशीन एकट्याने जिन्यावरून उतरवताना माझ्या आदेशचा मणका सरकला, तेव्हापासूनचं सगळं आठवतंय. डॉक्टर म्हणाले, दोन महिने झोपून राहा. धाटावला कंपनीत कायम असता तर रजा मिळाली असती, थोडाफार पगारही. आपलं दुरुस्तीचं दुकान. शटर खाली तर सगळंच खाली. तिसऱ्या आठवड्यात माझ्या पाटल्या सोनाराकडे गेल्या आणि त्याच दुपारी तू दुकान उघडलंस. मी काय बोलले होते, आठवतं? ‘बाईमाणसाने लोकांच्या घरी जाऊन मशिनी खोलायच्या? शोभतं का गो?’ चार दिवस तुझ्याशी बोलले नाही.

तू मशीन खोलून, व्हिडिओ कॉल लावून मोबाइल आत धरायचीस आणि आदेश इथून पडल्या पडल्या सांगायचा, कुठला स्क्रू, कुठली वायर. महिन्याभरात तुझे फोनच कमी झाले. पट्टा, पंप बदलणं तुझं तुला जमायला लागलं. मागच्या आळीतल्या रिझवानाकडे फ्रिज बघायला गेलीस तेव्हा मी बरोबर आले, खरं तर तुझ्यावर लक्ष ठेवायला. तू तिला तोंडावर सांगितलंस, ‘गॅस भरायला मला येत नाय, उगाच पैसे घेणार नाय.’ मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी तिने पेणच्या नणंदेचं मशीन टेम्पोत घालून तुझ्याकडेच आणवलं. मी आळीभर तुझं कौतुक सांगत फिरले. तुला मात्र एक शब्द बोलले नाही.

मग आदेश उभा राहिला आणि पहिल्याच सकाळी म्हणाला, ‘आता पुरे, तू घर बघ.’ तू दुकानाची किल्ली त्याच्यापुढे ठेवून आत निघून गेलीस. मी तिथेच भाकरी थापत होते. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. मग आईच्या तापासाठी गेलेली तू माहेरीच का राहिलीस, ते मला न सांगताच कळलं.

काल मी त्याला विचारलं, ‘पाठ पुन्हा धरली तर काय करशील?’ त्याने जेवण संपवलं, हात धुतले. मग म्हणाला, ‘ती होती म्हणून दुकान राहिलं, आई.’ शनिवारी तो तुला न्यायला येतोय. ‘घरी चल’ म्हणाला, तर जागची हलू नकोस. ‘दुकानात चल’ म्हणाला, तरच त्याच्याबरोबर गाडीत बस.

तुझीच सासू,
चंद्रावती