पाठीमागची चेन

४ डिसेंबर, गुरुवार
पोचलो एकदाचा तलावावर! इचोड्याहून एका ट्रकवाल्यानं आणून सोडलं. पठ्ठ्या रस्ताभर तेलुगू गाणी लावून राह्यला होता अन् मी खिडकीतून कापसाच्या गाड्या पाहून राह्यलो होतो. गोव्यात चार वर्षं पाणबुड्या म्हणून काढली, पण आपला मुलूख तो आपला मुलूख. इथं कोणी नुसतं 'काऊन रे' म्हणलं तरी पोट भरते.

काम सोपं आहे. तलावाच्या तळाशी पाणी सोडायचं लोखंडी दार गाळात अडकलं. बुडी मारायची, गाळ काढायचा, दार मोकळं करायचं. सुपरवायझर सुधाकरराव म्हणाले, जमलं तर इथंच कायम ठेवतो. कायम! बायको प्रतिभा इचोड्याच्या शाळेत मास्तरीण. लग्न झाल्यापासून बाईनं अन् मी फोनवरच संसार केला. आता रोज संध्याकाळी घरी जाता येईल. पुढच्या रविवारी ती जागा पाहायले येणार आहे.

स्वयंपाक मालनमावशीच्या हातचा. ज्वारीची भाकर अन् मिरचीचा ठेचा. लाज सोडून जेवलो.

५ डिसेंबर, शुक्रवार
आज ड्रायसूट निवडला. इथलं पाणी गार अन् सडकं, अंगाले लागलं का खाजच खाज. म्हणून पायापासून गळ्यापर्यंत कोरडा ठेवणारा सूट पाहिजे. त्याचा सारा जीव गळ्याच्या अन् मनगटाच्या रबरी पट्टीत. सैल असली तर पाणी आत शिरते, घट्ट असली तर डोक्याले चक्कर.

स्टोअरमधे तीन सूट होते. पहिला इतका जाड का हात वर होईना, वावरातलं बुजगावणंच दिसलो. दुसरा नवाकोरा, पण त्याच्या गळ्यात माह्यासारखे दोघं मावले असते. तिसरा जुना, काळा. घातला अन् काय सांगू, शिंप्यानं माप घेऊन शिवल्यासारखा! गळ्याची पट्टी कोणीतरी कापून नेमकी माह्याच मापाची केलेली. मांडीवर खिसा आहे, त्यात ही न भिजणारी वही अन् पेन्सिल बरोबर बसते. खोट एकच. चेन पाठीमागं, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. आपली आपल्याले लागत नाई अन् उघडतही नाई. ते काम जोडीदाराचं, म्हणजे देवानंदचं.

मावशीनं मले त्या सुटात पाहिलं अन् तिच्या हातची परात खाली पडली. सूट तिच्या पोराचा, वैभवचा. माह्याआधी इथं तोच बुड्या मारत होता. पावसाळ्यात एकदा खाली गेला, अन् वर आला तो नुसता सूट. चेन लागलेली, आत कोणी नाई. वैभव सापडलाच नाई. मले लय वाईट वाटलं. दुसरा सूट घेतो म्हणलं, तर तिनंच माहा हात धरला. हाच घाल लेका, म्हणे.

८ डिसेंबर, सोमवार
पहिली बुडी झकास झाली. आतून ठणठणीत कोरडा राह्यलो. फक्त एक गोष्ट, घातला तेव्हाच सूट आतून गरम होता. उन्हात असेल म्हणलं, पण स्टोअरमधे ऊन कुठून येते?

मावशी म्हणे, सूट उलटा करून वाळव. तिचं माहेर बेज्जूरकडचं, प्राणहितेच्या काठचं. तिकडं बुडालेल्या माणसाचा कपडा उलटा करूनच वाळवतात म्हणे, म्हणजे आत अडकलेला मोकळा होते. मी हसलो. माह्या बापानं भुताखेताले कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाई. अन् सूट आधी बाहेरून वाळवायचा, हा आमच्या धंद्याचा नेम. सुलटाच टांगला. मावशी रुसली.

१० डिसेंबर, बुधवार
पाण्यात माह्या श्वासासंग अजून एक श्वास ऐकू येते. मी श्वास रोखला. तो थांबला नाई.

वर आलो तर चेन उघडेना. देवानंदनं मेण चोळलं, जोर लावला, तेव्हा कुठी उघडली. वरून मलेच विचारते, आतून काऊन धरून राह्यला होता? मी कायले धरीन बाबा! माह्ये हात तर समोर होते.

११ डिसेंबर, गुरुवार
दुसरा सूट मागितला. बाकीच्या दोन्ही सुटांच्या गळपट्ट्या फाटलेल्या. मागच्या शुक्रवारी धडधाकट होत्या. सकाळी मावशी तिथं झाडून गेली, बाकी कोणी गेलं नाई.

सुधाकरराव म्हणाले, भीती वाटत असेल तर गोव्याचा रस्ता मोकळा आहे. नको. गोवा नको. प्रतिभाले काय तोंड दाखवू? तोच घातला. खाली गळपट्टी आवळत गेली. सूट काढला तरी गळा आवळलेलाच आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार
हरलो. भ्यालो, हो, भ्यालो! मावशीले म्हणलं, करतो उलटा. वही घाईत सुटाच्या खिशात खोचली. पाय उलटवायले गेलो तर तो जड, आत कोणाचा तरी पाय असल्यासारखा. मावशी धावून आली. दोघांनी मिळून ओढला. ती रडत होती अन् हसतही होती. शेवटची बाही उलटली अन् डोळ्यापुढं —

शनिवार असेल
अंधार. रबराचा वास. गळा आवळलेला, मनगटं आवळलेली.

सूट उलटा केला म्हणून खिसा आत आला. त्यातली वही हाती लागली. चाचपडत लिहून राह्यलो. कालचंही इथंच लिहिलं.

हाक मारतो ती माह्याच कानात राहते.

बाहेर कोणीतरी भाकर मागते. माह्या आवाजात — माह्याच आवाजात. मावशी म्हणते, खा लेका, किती दिवसाचा उपाशी आहेस.

रविवार
प्रतिभा आली. आवाज तिचाच.

इथंच आहे — अगदी जवळ — सुटाले हात लावला तिनं. माह्या छातीवर. प्रतिभा, मी आत आहो, मी —

नाई ऐकलं.

त्याले म्हणाली, अहो, तुमचे हात काऊन एवढे गार? तो म्हणे, आता कुठी जात नाई, रोज घरी येईन. ती रडली. आनंदानं.

गेले. दोघं —

मावशी आहे. एकटीच. सुटावरून हात फिरवते. माफ कर बापू, म्हणते, माय आहो मी.

सूट सुलटा करून राह्यली — खिसा बाहेर जाईल — वही बाहेर — कोणी वाचलं तर प्रतिभाले सांगा, तो मी नाई — मावशी, नको — चेन ला