दुसऱ्याचं वाळवण

कारवार, ५ जानेवारी २०२५

तीर्थरूप आत्तीस,
श्वेताचा शि. सा. न. वि. वि.

गुंदात रेंज येईल तेव्हा येईल, तोवर पोस्टमनच बरा. इथल्या कड्यावर कुरव उतरलेत. समुद्रावरची पांढरी पाखरं गं, थंडीला लांबून येतात. शाळेत शिकवायला जाण्याआधी रोज पहाटे कॅमेरा घेऊन मी कड्याच्या पायथ्याशी बसते. वरून गरुड गेला की सगळा थवा एकदम उठतो. तेवढाच एक फोटो मला हवाय, बेळगावच्या प्रदर्शनासाठी. अजून साधला नाही.

पाखरं हाकण्यात तुझा जन्म गेला आणि भाची मात्र त्यांचेच फोटो काढत फिरते, असं तू सगळ्यांना सांगत असतेस. मग एकदा येऊन बघ तरी. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, पण माझं हे वेड कधी पाहिलं नाहीस. उकड्या तांदळासाठी भाताची पहिली उकड वाळली की जोयड्याहून बस धर. येताना लोभ आणि लोणचं, दोन्ही बरणी भरून आण.

तुझी, श्वेता


गुंद, १९ जानेवारी

चि. श्वेतीस,
आत्तीचा आशीर्वाद.

घरी सुखरूप पोचले. न सांगता परतीची बस धरली म्हणून तुला राग आला असंल. मलाबी आलाय, आन् तो अजून हाय.

तिथं खडकावर कुणीतरी मासं वाळत घातलं व्हतं. तुझी पाखरं कड्यावरनं थेट त्याच्यावरच उतरली. वाळवण कुणाचं का असंना, पाखरू बसलं तर जाणारानं हाकायचं, ही आपली रीत. मी पदर खोचला, हात वर केलं आन् ओरडले. तू त्यांच्यावरच टपून बसलीयास, हे मला काय ठावं? चार माणसांत तू म्हणालीस की आत्तीला काही कळत न्हाई. न्हाई कळत, व्हय. पर हे ऐकायला मी घाट उतरून आले न्हवते. लई लागलं गं.

बरणी खिडकीत हाय, झाकण घट्ट लाव. लोभ आटलेला न्हाई, सध्या बोलत न्हाई एवढंच.

आत्ती


कारवार, २७ जानेवारी

तीर्थरूप आत्तीस,
श्वेताचा शि. सा. न. वि. वि., कान धरून.

तू गेल्यावर पुतळी आली. ते मासे तिचे. ती हाकणारी बाई कुठं गेली म्हणून विचारत होती. इतके लोक कडा बघायला येतात, पण तिच्या माशांसाठी आजवर कुणी हात हलवला नव्हता म्हणे. आत्ती, मला तर ते मासे दिसलेच नव्हते. सगळा हंगाम मी त्यांच्यावरून वर बघत बसले. त्या दिवशी तुला बोलले त्याची फार लाज वाटते.

तू ओरडलीस तेव्हा दचकून माझ्याकडून कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं. तो फोटो सोबत पाठवतेय. हाकून उठवलेल्या पाखरांचा फोटो मी प्रदर्शनाला देत नाही, म्हणून तिकडे एकट्या कुरवाचा दिला. हा माझ्या भिंतीवर आहे. लोणचं अर्ध्यावर आलंय, बोलणं सुरू कर.

तुझीच, श्वेता


गुंद, ६ फेब्रुवारी

चि. श्वेतीस,
आत्तीचा आशीर्वाद.

फोटो पोचला. पदर खोचलेला, तोंड उघडं, आन् डोक्यावर एवढी पाखरं! शेजारची फुला म्हणाली, मीबी त्यांच्यासंगं उडायला निघाल्यागत दिसते. तिला म्हटलं, या वजनानं कडाच खाली बसंल. पर त्यांची पोटं एवढी पांढरी असत्यात, हे मी तिथं असून बघितलं न्हवतं. हाकणाऱ्याला नुसती पाठ दिसते.

काल अंगणात दुसऱ्या उकडीचं भात वाळत व्हतं. त्यावर राघू उतरले. मी हात वर केलं आन् तशीच बघत ऱ्हायले. पसाभर भात गेलं. घरधन्यांनी विचारलं, हाकत का न्हाईस. त्यास्नी म्हटलं, जरा दम धरा, उठताना बघायचं हाय.

शिमगा झाला की येते. पुतळीचं मासं मी राखीन, तू वर बघ.

लोभ हाय तिथंच हाय.

तुझी आत्ती, अनुसया