फ्यूजच्या डब्यातली रिकामी खाच

ता. ४
रा. रा. मेहुणेसाहेबांस, स. न. वि. वि.

काल मला बसमध्ये उभ्यानं प्रवास करावा लागला, याची इतिहासानं नोंद घ्यावी. औषधांच्या नमुन्यांची बॅग माझ्या पायावर, एका गृहस्थाचं कोपर माझ्या बरगडीत. कारण आमची गाडी. किल्ली फिरवली की दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण स्टार्टर मुका. साधं टक्कसुद्धा नाही. तुम्ही गाड्यांच्या वायरिंगचे वैद्य, इलाज कळवा. गाडी नाही तर फिरतीची नोकरी नाही, आणि मग तुमच्या बहिणीला मला दिवसभर घरात सोसावं लागेल.

कृपा पातळ होऊ देऊ नये.
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. ५
ती. दादास, सा. न. वि. वि.

ह्यांचं पत्र पोचेलच. गाडीला काही झालेलं नाही. स्टार्टरचा रिले, तू मागे दाखवलेली ती काळी चौकोनी डबी, मीच फ्यूजच्या डब्यातून उपटून शिवणाच्या डब्यात लपवली आहे. गेल्या आठवड्यात आम्ही गाडीतून जाताना कोपऱ्यावर एक सायकलवाला समोरून येत होता. मला केव्हाचा दिसत होता, ह्यांना नाही. त्यानं गटाराकडे उडी टाकली म्हणून वाचला. वर हेच म्हणतात, कुठून उगवला कोण जाणे. डोळे तपासा म्हटलं की अंगावर येतात; ऑफिसात कळलं तर घरी बसवतील ही धास्ती. मला खोटं जमत नाही, तुला जमतं. त्यांना गुंतवून ठेव.

माया आहे तशी राहू दे.
तुझी धाकटी

ता. ८
जावईबापूंस, स. न. वि. वि.

तुमचे हाल वाचून गॅरेजात दोन मिनिटं काम थांबवलं. बॅटरीची टोकं काचकागदानं घासा. मग बॉडीला जाणारी अर्थची तार बघा. मग टेस्टरचा दिवा घेऊन किल्लीपासून एकेक वायर तपासा. घाई नको. काम बारीक आहे; आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलात तर बरं.

राग नसावा, लोभ असावा.
तुमचा मेहुणा

ता. १४
मेहुणेसाहेबांस, स. न. वि. वि.

सगळं घासलं. दिवा किल्लीपाशी पेटला, स्टार्टरपाशी नाही. फ्यूजचा डबा उघडला तर एक खाच रिकामी. तुम्हाला तारा-टोकं सगळं सुचलं, रिले तेवढा सुचला नाही, तेव्हाच भावा-बहिणीचा बेत कळला. डोकं फिरलं. शेजारचा हॉर्नचा रिले त्याच मापाचा. तो काढून तिथे बसवला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू. तिला दाखवतोच म्हणून थेट रिव्हर्स टाकला. आरशात पाहिलं. मागे दोरीवर चादर वाळत होती, बाकी काही नव्हतं.

मग ती चादर ओरडली.

हात पसरून तुमची बहीण उभी होती. बंपर तिच्या गुडघ्यापासून वीतभर. इंजिन बंद केलं, पण मला दार उघडेना. तिनंच उघडलं. म्हणाली, “आता तरी चला.”

उद्या बसनं डॉक्टरांकडे जातोय, दोघं. ऑफिसातल्या साहेबांनाही डोळ्यांचं आज मीच सांगितलं.

हॉर्नचा रिले हॉर्नला परत लावला आहे, स्टार्टरची खाच रिकामीच ठेवली आहे. वाजवून पाहिला, वाजतो.

आमच्या दोघांवर लोभ ठेवावा.
तुमच्या बहिणीचा नवरा