चाचणीचं पाणी

लातूर
१९ जानेवारी २०२५

ती. व्यंकटकाकांना आदर्शचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळे बरे आहोत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण सकाळचं फिरणं तिनं सोडलेलं नाही. भामाकाकू फोनवर सांगत होती, बिलोलीकडं यंदा तुरी बऱ्या आल्यात. तुमच्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "वेल्डिंगच्या मशीनवर गोणपाट टाकलंय. वर्ष झालं, उचललं न्हाई."

त्याबद्दलच लिहितो आहे. माझा फोन तुम्ही घेत नाही, म्हणून पत्र.

डेअरीतल्या स्टेनलेस स्टीलच्या पाइपलाइनीला तुमच्या जोडांशेजारी टाचणीएवढी भोकं पडली आणि व्यवस्थापकांनी "कच्चं वेल्डिंग" म्हणून तुम्हाला घरी पाठवलं. मागच्या महिन्यात आणखी एका जोडापाशी गळती लागली. तो तुकडा कापून मी नांदेडच्या प्रयोगशाळेत नेला. तिथल्या मनस्विनी मॅडमनी तो उभा चिरला. बाहेरून टाचणीचं टोक, आत शेंगदाणा मावेल एवढा खड्डा, त्यावर तांबूस, बुळबुळीत थर.

"वेल्डरला कशाला शिव्या देता?" त्या म्हणाल्या. "जोड चोख आहे. हे जंतूंचं काम."

पाणी उभं राहिलं की जंतू स्टीलला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर करतात. त्याखाली प्राणवायू पोचत नाही, स्टीलवरचा संरक्षक पापुद्रा तुटला की पुन्हा धरत नाही, आणि धातू तिथल्या तिथं खोल खाल्ला जातो. वेल्डिंगनं तापलेल्या जागी त्यांचं आधी फावतं, जोड कितीही चांगला असो.

मग त्यांनी विचारलं, "चाचणीनंतर लाईन रिकामी केली होती ना?"

काका, उत्तर मला ठाऊक होतं. तुम्हालाही. लाईनीत पाणी भरून दाबाची चाचणी झाली त्या दुपारी तुम्ही म्हणाला होतात, "आद्या, लाईन रिकामी कर, वाळव. उभं पाणी सडतंय."

मी हसलो होतो. "लातुरात एवढं बोरचं पाणी गटारात सोडू? लोकं जोड्यानं हाणतील."

"हाणू दे की. मी हाय मधी."

तरी मी झडप उघडू दिली नाही; कामावर देखरेख माझी होती. डेअरी सुरू व्हायला दोन महिने लागले. पाणी आतच.

चौकशीत व्यवस्थापक साहेबांनी विचारलं, चाचणीच्या वेळी कुणी काही सूचना दिली होती का? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि बोलला नाहीत. पुतण्याची पहिली नोकरी होती. मी वहीत बघत राहिलो. आईलाही हे परवाच सांगितलं.

सोमवारी मी लेखी दिलं, अहवाल जोडून, सहीनिशी: पाणी मी ठेवलं, व्यंकटरावांनी बजावलं होतं. साहेब तापले. पण शुक्रवारी त्यांनी तुमच्या नावानं पत्र काढलं, दोष वेल्डिंगचा नव्हता म्हणून. ते सोबत आहे. माझं काय करायचं ते अजून ठरायचंय. जे ठरेल ते मी घेईन.

फेब्रुवारीत नवी लाईन टाकायची आहे. जोड मारायला तुम्ही यावं. आला नाहीत तरी ते पत्र चारचौघांना वाचून दाखवा, "कच्चं" म्हणणाऱ्यांना आधी.

चाचणीचं पाणी या वेळी टाकीत धरून आवारातल्या लिंबांना देणार आहोत. झडपेला कुणी हात लावायचा नाही, असं मी सांगून ठेवलंय. ती तुम्ही उघडायची.

काकूला जयभीम.

तुम्ही सांगितलेलं ऐकूनही गप्प बसलेला,
आद्या