थापायचा राहिलेला माठ

सुमीचे बाबा,

तुमाला कधी चिठ्ठी लिहिली न्हाई. एका घरात राहून काय लिहायचं? पण काल तेरावं झालं, आजपासून मातीला हात लावायला मी मोकळी हाय, आणि लावावा का न्हाई तेच कळंना. विचारू कुणाला?

तुमी चाकावरून उतरवलेला शेवटचा माठ तसाच हाय. सुतकात मातीला शिवायचं न्हाई म्हणून नुसतं वरचं पोतं भिजवत राहिले. आज पोतं काढलं. तुमच्या बोटांच्या रेघा बुडापासून गळ्यापर्यंत गोल गोल चढत गेल्यात. इतकी वर्षं तुमी माठ उतरवायचे आणि मी आतून दगडी गुंडा धरून, बाहेरून थापीनं बडवून ह्या रेघा पुसायचे. कधी नीट बघितल्या सुद्धा न्हाईत हो!

सुमी म्हणाली, "आई, थापू नको. असाच वाळवून कपाटात ठेवू. बाबांचा हात हाय त्याच्यावर."

लेकीचं पटतं. मग वाटतं, बुड एवढं जाड, पोट आवळलेलं, ह्याला माठ कोण म्हणंल? न भाजता ठेवला तर पाणी ओतलं की चिखल. बुडाला ही जास्तीची माती तुमी माझ्या थापीसाठीच ठेवली होती ना?

तुमची नजर मला कधी कळलीच न्हाई. जिंतूरच्या बाजारात मी माठाची काळवंडलेली बाजू मागं फिरवायचे, तुमी पुन्हा पुढं आणायचे. "बाभळीच्या जाळानं केलंय ते. लाल कुठं संपलं, काळं कुठं लागलं, बघ तर. कशाला लपवायलीस?" गिऱ्हाईक नेमकं त्या काळ्यावर बोट ठेवून भाव पाडायचं. मी लय चिडायचे. तुमी काय बघत होतात ते एकदा समोर बसवून सांगायचं तरी. असं अर्ध्यात कुणी उठून जातं का?

सकाळपासून थापी उचलायले आणि ठेवायले. काठ कडक व्हायलाय, आता पोतं भिजवून भागायचं न्हाई. थापायचं तर गुंडा घेऊन आत हात घालावा लागंल. आतल्या मातीला शेवटचा हात तुमचा लागलाय.

बरोबर करायले का चूक, अजून बी कळंना. पण संध्याकाळी बसते. घाई करणार न्हाई, तुमच्या काठाला धक्का लावणार न्हाई. आव्यात भाजून धड निघाला तर कपाटात ठेवणार न्हाई, भरून ठेवीन. सुमीला त्यातलंच पाणी देईन.

तुमची,
सुमीची आई