माझ्या अर्ध्या भागातला मका

२ जून. ऐतिहासिक निर्णय. सासऱ्यांनी दिलेल्या शेताचे दोन सारखे भाग केले, मधे दोरी. एक हिचा, एक माझा. ज्याचा मका सरस, पुढच्या वर्षीपासून अख्ख्या शेतात त्याचंच चालणार. ही लगेच हो म्हणाली. बिचारी.

९ जून. पेरणी झाली. मातीपरीक्षणाचा रिपोर्ट आला. हिने चष्मा लावून दोनदा वाचला. माती मुळातच कसदार आहे, खत बेतानं द्या, असं काहीतरी. मी वाचला नाही. तीस वर्षं ऑफिसात रिपोर्टच वाचले.

२४ जून. मका वीतभर. ही सकाळपासून खुरपं घेऊन ओळीत बसलेली. मी समजावलं, आधी पीक दणकट करायचं, ते तणाला उभं राहू देत नाही. ही म्हणाली, तणालाही तोंड असतं.

२६ जून. युरियाची अख्खी गोणी मुठीनं फेकली. सगळीकडे सारखी. चाळीस मिनिटांत काम फत्ते. ही अजून एकेका रोपाच्या बुडाशी चमच्यानं खत घालून माती ओढतेय. बाळाला औषध पाजावं तसं. हसू कसंबसं आवरलं.

५ जुलै. रस्त्यावरून माझा भाग गर्द हिरवा! हिच्याकडे ओळींमधे नुसती माती. मेहुण्याला फोटो पाठवला. त्याने विचारलं, यात मका कुठला? शहरात राहून नजर जाते माणसाची.

१४ जुलै. वाकून पाहिलं. थोडं तण आहे. उद्यापासून रोज पहाटे पाच ते सात खुरपणी. नक्की.

१५ जुलै. पाठ धरली.

१६ जुलै. पाठ ठीक. गवत ओलं होतं.

२१ जुलै. मका पिवळट पडलाय, म्हणजे भुकेला. दुसरी गोणी फेकली. शेजारच्या शेतातल्या आजींनी विचारलं, बाबा, जेवायला कुणाला घालतोयस? म्हटलं, मक्याला. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. कमी ऐकू येत असावं.

६ ऑगस्ट. ही तिच्या भागात उभी राहिली तर मक्यामुळे दिसत नाही. मी माझ्या भागात बसलो तर तणामुळे दिसत नाही. यावर जास्त विचार केला नाही.

१९ ऑगस्ट. निकाल द्यायला कृषी अधिकारी बाई आल्या. हिच्या भागात पाच मिनिटं. माझ्या भागात अर्धा तास! तण उपटून मोजलं, फोटो काढले, परवा शेतकऱ्यांना दाखवायला आणू का विचारलं. मी हिच्याकडे बघून मान डोलावली. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

२१ ऑगस्ट. चाळीस शेतकरी आले. बाई त्यांना म्हणाल्या, कसदार जमिनीत असं वरून खत फेकलं की आधी तण जेवतं आणि मका उपाशी राहतो. इतका चांगला नमुना शोधून सापडला नसता. टाळ्या पडल्या. एकाने माझ्यासोबत सेल्फी घेतला.

संध्याकाळी ५. अख्खं शेत हिचं झालं. वाईट वाटलं, इथे खोटं कशाला लिहू? ही चहा देताना म्हणाली, तुमच्यासाठी एक ओळ ठेवीन. मी दोन मागितल्या. म्हणाली, आधी एक खुरपून दाखवा.