रुख्मिणीकाकूंची खिडकी

मोताळा,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय सकलैनभाई,

सलाम. आम्ही मजेत आहोत. अब्बांचा गुडघा दुखतो, पण बांधकामाच्या साइटवर जाणं सोडत नाहीत. अम्मी रोज विचारते, नाशिकला तुला नीट जेवायला मिळतं का. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

जानरावकाकांचं घर पूर्ण झालं. त्याची गंमत तुला सांगायचीच आहे.

हे काम घेताना तू पूर्वी लिहून ठेवलेला करारनाम्याचा नमुना मी कपाटातून काढला, अब्बांना न विचारता. तुझं ते कलम आठवतं? नकाशात काहीही बदलायचं तर घरमालक आणि घरमालकीण, दोघांची सही लागेल. तू ते लिहिलंस तेव्हा मी त्याला हसले होते. अब्बा कुरकुरले, "आपल्यात जबान चालते," म्हणाले, पण घरमालकीण म्हणून रुख्मिणीकाकूंनी आधीच सही करून टाकली होती. मग अब्बांनीही केली.

दिवाळीनंतर जानरावकाका एकटेच साइटवर आले. स्वयंपाकघराची खिडकी बुजवायची आणि तिला लागून सोयाबीनच्या पोत्यांसाठी कोठी काढायची, म्हणाले. अब्बांनी लगेच होकार दिला. मिस्त्रीनं विटाही आणून ठेवल्या. मी काम थांबवलं आणि कागद घेऊन काकूंकडे गेले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. हातातलं पीठ तसंच घेऊन त्या साइटवर आल्या.

"तीस वर्सं धुरात सैपाक केला म्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "खिडकी गेली त माही सही भेटनार नाई."

काका म्हणाले, घर माझ्या नावावर आहे. मी त्यांना कलम वाचून दाखवलं. त्यांनी कागद स्वतः दोनदा वाचला, मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "मंग कोठी मांगं घ्या." जिन्यामागे कोठी झाली. दोघांनी सही केली. परवा गृहप्रवेशाला काकू पाहुण्यांना देव्हाऱ्याआधी खिडकीच दाखवत होत्या. आता गावातल्या बायका नवऱ्यांना सांगतात, दोन सह्यांच्या कागदावाल्यांकडेच काम द्या.

भाई, एवढं लिहिलं, पण खरं लिहायचं ते अजून राहिलंच आहे.

दोन वर्षांपूर्वी रंगरावांच्या घराचं काम हातचं गेलं, तेव्हा मी अब्बांना सांगितलं, भाईच्या कागदांना घाबरून ते गेले. खोटं होतं ते. त्यांना नकाशा द्यायचं काम माझं होतं आणि मी महिनाभर विसरले. कंटाळून ते दुसऱ्या ठेकेदाराकडे गेले. अब्बा चार माणसांत तुला बोलले आणि मी तिथेच गप्प उभी राहिले. तू बॅग भरलीस तेव्हाही.

गेल्या शुक्रवारी अब्बांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. बराच वेळ पायावरून हात फिरवत बसले. "त्यानं बी काऊन नाई सांगतलं मले?" एवढंच म्हणाले. तुला सगळं माहीत होतं ना? मला वाटतं, माहीत होतं.

काल डोणगावच्या एका घराचा करार झाला. मी लिहिला, अब्बांनी ठेकेदाराच्या रकान्यात सही केली. मग पेन माझ्याकडे न देता सहीखालच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे जागा खाली ठेव. सकलैन येऊन करन."

पायाभरणी पुढच्या जुम्म्यानंतर, रविवारी आहे.

माफी मागणारी आणि तुझ्यासाठी ती ओळ कोरी ठेवून बसलेली,
तुझी यास्मीन